गुरुवारचं रेकॉर्डिंग

स्वरूपा खुर्चीत बसली ती तणतणतच.

"सहा महिने घासतेय मी. माइक आणला, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, 'नमस्कार मंडळी' म्हणताना घसा कोरडा पडायचा तेही कसंबसं जमवलं. आणि पहिलाच एपिसोड गळ्याशी आला."

समोर बसलेल्या जयमालाताई खासगी तपासाचं काम करत. पिंपळे सौदागरमध्ये एका दातांच्या दवाखान्याच्या वर त्यांचं ऑफिस होतं. शेजारी बसलेले यशवंतराव त्यांचे मदतनीस. कंपनीतून निवृत्त झालेला माणूस, कामाला चोख, डोक्यानं सावकाश.

"पॉडकास्ट म्हणजे रेडिओच ना?" त्यांनी विचारलं.

"रेडिओच समजा," स्वरूपा म्हणाली. आईपासून ऑफिसातल्या शिपायापर्यंत सगळ्यांना हेच सांगून तिचं तोंड दुखलं होतं.

जयमालाताईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "घडलं काय ते सांग."

स्वरूपानं सांगितलं. पॉडकास्टचं नाव 'शिफ्ट सुटल्यावर'. पहिला पाहुणा रोहिदास, लातूरकडचा कामगार. भोसरीच्या एका शेडमध्ये पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसखाली त्याची दोन बोटं गेली होती. मालक म्हणत होता, मशीनचं गार्ड, हात आत जाऊ नये म्हणूनची जाळी, यानंच काढलं. रोहिदास म्हणत होता, गार्ड कधी बसवलंच नव्हतं. येत्या शुक्रवारी कोर्टात सुनावणी होती.

"आणि रविवारी माझा एपिसोड आला. त्यात शेवटी रोहिदासभाऊंच्या आवाजात वाक्य आहे, 'गार्ड मीच काढलं होतं, चूक माझीच.' मालकाच्या वकिलानं ते लगेच उतरवून घेतलं."

"रोहिदास तसं बोललाच नव्हता?"

"समोर बसून मुलाखत घेतली मी. नाही बोलले. मूळ रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, त्यात ते वाक्य नाही. पण लोक म्हणतात, आता तूच काढून टाकलंस. रोहिदासभाऊंची बायको फोनवर एवढंच म्हणाली, तुमच्यावर विश्वास ठेवला, ताई." स्वरूपानं पाण्याचा एक घोट घेतला. "माझा पॉडकास्ट गेला खड्ड्यात. त्या माणसाची केस जाईल."

"चढवण्याआधी एपिसोड ऐकला नाहीस?"

"नाही ऐकला. स्वतःचा आवाज ऐकवत नाही मला. शनिवारी संध्याकाळी आवाजाची कापाकापी करणाऱ्या प्रज्वलनं फाइल पूर्ण करून ठेवली आणि तो गावी गेला. रविवारी सकाळी मी डोळे झाकून चढवली." तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटत होती.

जयमालाताईंनी कानाला हेडफोन लावले. ते शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हापुन्हा ऐकलं. मग हेडफोन स्वरूपाला दिले. "काही वेगळं वाटतं?"

स्वरूपानं ऐकलं. "आवाज त्यांचाच आहे. तेच तर दुखणं आहे."

"मुलाखत कधी घेतलीस?"

"गुरुवारी. प्रज्वलचा हट्ट. रेकॉर्डिंगची खोली आमच्या शेडच्या वर आहे. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, सगळं बंद. इतकं बंद की टपरीसुद्धा उघडी नव्हती, चहा मी घरून थर्मासमधून नेला. खोलीत मी, रोहिदासभाऊ आणि प्रज्वल. गणराजदादा, माझा भाऊ, त्या दिवशी आळंदीला गेला होता."

"आणि अपघात झाला ती शेड कोणती?"

स्वरूपानं हेडफोन टेबलावर ठेवले. "खालचीच. शेड आमची आहे, ती चालवणारा मालक आमचा भाडेकरू आहे."

दुसऱ्या दिवशी तिघं भोसरीला गेले. नाशिक फाट्यावर गाडी अडकली ती अडकलीच, आणि यशवंतराव सबंध रस्ताभर महानगरपालिकेला शिव्या घालत होते. खोलीत पाय ठेवला तेव्हा खाली प्रेस चालू होते. धप्प, धप्प, धप्प. यशवंतरावांनी कानात बोटं घातली.

"इथं माणसं राहतात कशी?"

"तेच मी रोज विचारतो," लॅपटॉपपाशी बसलेला प्रज्वल म्हणाला. बारीक, चष्मेवाला, चिपळूणचा पोरगा. "डोकं उठतं माझं. मंगळवारी आवाज तपासायला रोहिदासभाऊंना बोलावलं होतं. जे बोलले ते सगळं या धपधपाटात वाया. तेव्हाच म्हटलं, गुरुवारशिवाय मी बटण दाबणार नाही."

"मंगळवारचं रेकॉर्डिंग कुठे आहे?"

"या लॅपटॉपवरच होतं, तो इथं खोलीतच असतो. आता दिसत नाही. मी पुसलेलं नाही."

"आणि आलेला एपिसोड ऐकलास?"

"नाही ऐकला. बहिणीचा साखरपुडा होता. एपिसोडखाली लोकांनी लिहिलेल्या शिव्या वाचल्या आणि मोबाइल बंद केला. मीच कापाकापी करतो, म्हणजे मीच केलं, असंच सगळे धरून चाललेत." त्यानं चष्मा काढून टेबलावर आपटला.

खोलीची किल्ली तिघांकडे असायची, स्वरूपा, प्रज्वल आणि गणराज. गणराज खाली गेटपाशी मोबाइलवर बैलगाडा शर्यतीचा व्हिडिओ कापत बसला होता. मागे कसलंसं संगीत टाकून तो दोस्तांना पाठवायचा.

"एवढ्या आवाजात संगीत कळतं तुम्हाला?" यशवंतरावांनी ओरडून विचारलं.

"कसला आवाज?" गणराज म्हणाला. मग हसला. "प्रेसचा व्हय. जन्मापास्नं हाय तो. आमाला न्हाई जाणवत."

"एपिसोड ऐकला?" जयमालाताईंनी विचारलं.

"ऐकला की. मॅडम, तो माणूस सवता बोललाय. मी तितंच व्हतो, टपरीवरनं चहा आणला व्हता. कप ठेवतोय तवर म्हनला, चूक माझीच. माज्या कानांनी ऐकलं. आता माज्या बहिणीला उगं कोर्टकचेरीत वढू नका."

आपल्याला वाचवायलाच दादा हे खोटं रेटतोय असं समजून स्वरूपाला त्याची माया आली. घरात निदान एक माणूस आपल्या बाजूनं उभा आहे, असं तिला वाटलं.

रोहिदास राहायचा जवळच्याच चाळीत. त्यानं स्वरूपाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मंगळवारी काय बोललात?" जयमालाताईंनी विचारलं.

"जे समद्यांला सांगतो तेच. दवाखान्यात मालकसाहेब कागद घेऊन आला. म्हनला, लिहून दे, गार्ड मीच काढलं होतं, चूक माझीच. मी न्हाई दिलं लिहून."

"हे गुरुवारी का नाही सांगितलंत?"

"ताईंनी इचारलंच न्हाई."

स्वरूपानं मान खाली घातली. खरंच तिनं विचारलं नव्हतं. तिचं सगळं लक्ष आपल्या पुढच्या प्रश्नाकडे होतं.

गुरुवारी जयमालाताईंनी सगळ्यांना त्या खोलीत बसवलं. खाली शेड बंद होती. उद्या सुनावणी, आणि बाई अजून काही बोलत नव्हत्या.

"आधी मुलाखतीतलं कुठलंही वाक्य ऐका." ताईंनी बटण दाबलं. "आणि आता हे."

'गार्ड मीच काढलं होतं, चूक माझीच.'

प्रज्वल ताडकन उठला. "प्रेस चालू आहे. याच्यामागे प्रेस चालू आहे."

"धपधप येतेय की," यशवंतराव म्हणाले. "पण मुलाखत तर सुट्टीच्या दिवशी झाली."

स्वरूपानं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. डोळे मिटून ऐकलं तेव्हा कुठे तो दणका तिला शब्दांच्या खाली सापडला. या एपिसोडपायी चार दिवस तिची झोप उडाली होती, आणि तिला हे ऐकू आलं नव्हतं.

"हे वाक्य मंगळवारचं आहे," जयमालाताई म्हणाल्या. "साहेबाचं बोलणं रोहिदासभाऊ सांगत होते. पुढचं-मागचं कापलं, मधलं तेवढं गुरुवारच्या मुलाखतीला जोडलं. शनिवार संध्याकाळ ते रविवार सकाळ, या वेळात. मग मंगळवारची फाइल पुसली."

"म्हणजे मीच ना?" प्रज्वल कडवटपणे म्हणाला.

"तू नाहीस. या आवाजानं तुझं डोकं उठतं. तो टाळायला तू गुरुवारपर्यंत थांबलास. प्रेस चालू असलेलं वाक्य शांत मुलाखतीत तू ठेवलं नसतंस. ज्यानं जोडलं त्याला तो दणका ऐकूच आला नाही. असा माणूस इथलाच, याच आवाजात वाढलेला."

"मग मीही तशीच आहे," स्वरूपा म्हणाली.

"आहेस. पण तू कुणाला सांगितलं नाहीस की ते वाक्य म्हटलं तेव्हा टपरीचा चहा आला होता." ताई गणराजकडे वळल्या. "गुरुवारी टपरी बंद होती आणि तुम्ही आळंदीला होतात. चहा आणलात तो मंगळवारी. म्हणजे हे वाक्य मंगळवारचं, हे तुम्हाला माहीत होतं. पूर्ण वाक्यही तुम्ही तिथेच ऐकलं होतं. तरी मला अर्धंच सांगितलंत."

गणराज गादी ठोकलेल्या भिंतीला टेकून उभा राहिला.

"भाडेकरूची केस गेली तर शेडला टाळं लागंल," तो म्हणाला. "जमीन तर आमची कवाच गेली. एवढी शेड ऱ्हायलीय. तिच्या पॉडकास्टापायी तीबी घालवायची का?"

"मला सांगायचं होतंस," स्वरूपा म्हणाली. "माझ्याशी भांडायचं होतंस. माझ्या हातानं या माणसाचा गळा कापलास तू, दादा."

"फाइल पुसली म्या. आता काय करनार?"

"कोर्टात तुम्हालाच सांगावं लागेल," जयमालाताई म्हणाल्या. "उद्या."

गणराज बहिणीकडे बघत राहिला. "आई काय म्हनंल?"

"आईला मी सांगते." स्वरूपानं खुर्ची ओढली आणि भावाला माइकसमोर बसवलं. प्रज्वलला तिनं नुसती मान हलवून खूण केली. रोहिदास दारातून निघाला होता, तो थांबला.

ती माइककडे वाकली. नमस्कार मंडळी वगैरे काही ती म्हणाली नाही.

"माझ्यासमोर माझा भाऊ गणराज बसलाय. दादा, त्या वाक्याच्या आधी रोहिदासभाऊ काय म्हणाले होते?"

गणराजनं रोहिदासच्या हाताकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"म्हनले, साहेब कागद घिऊन आला," तो म्हणाला. "साहेब म्हनला, असं लिहून दे."

"आणि नंतर?"

"म्हनले, मी न्हाई दिलं लिहून."