बेसिनजवळचं स्टूल

पहिल्याच सकाळी त्याने माझ्या कागदांवर पाणी उडवलं.

"सॉरी हं," म्हणत त्याने ओले हात झटकले आणि आणखी चार थेंब उडवले.

मी रागाने वर पाहिलं. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. लहान मुलांच्या वॉर्डातला नर्स. सगळे त्याला 'ब्रदर' म्हणत. मला मात्र ती हाक कधी मारवली नाही.

"चादरी मोजताय?" त्याने विचारलं.

"हो."

"मग बेसिनजवळ का बसलाय?"

"इथे उजेड बरा आहे."

खिडकी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होती. त्याने खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि निघून गेला. जाताना हसत होता मेला!

खरं म्हणजे मी चादरी मोजतच नव्हते. त्या वॉर्डात जुलाबाची साथ एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर सरकत होती. एक मूल बरं होऊन घरी जातंय, तोवर शेजारचं आजारी. जंतू कोणाच्या हातांवरून फिरतात, ते आमच्या संशोधन विभागाला शोधायचं होतं. म्हणून मी नळ आणि खाटा दोन्ही दिसतील अशा जागी बसायचं. कर्मचारी खाटेकडे गेला की इकडे एक रेघ, कोणी हात धुतले की तिकडे एक रेघ. कोणी धुतले ते लिहायचं नाही. आणि कोणाला सांगायचंही नाही, कारण कोणी बघतंय हे कळलं की माणसं शहाण्यासारखी वागायला लागतात.

"रेघा मारायला एवढं शिकलीस?" आई रोज विचारायची. मी रोज चिडायचे.

आणि या माणसाने तर रेघा मारून मारून माझं मनगट दुखवलं. ताप बघितला, हात धुतले. खिडकी लावली, हात धुतले. एकदा नुसती जांभई दिली — आणि आला की हात धुवायला!

"पाणी फुकट आहे वाटतं?" एक दिवस मला राहवलं नाही.

"साबणही फुकट आहे. या, तुम्हीही धुवा."

"माझे हात स्वच्छ आहेत."

"दाखवा बघू."

मी हात कागदांखाली लपवले. तो हसला. मला वैताग आला. संध्याकाळी घरी ताटावर बसले तरी ते हसू डोक्यातून जाईना, त्याचा वेगळाच वैताग.

नियमाप्रमाणे दर आठवड्याला मी जागा बदलायला हवी होती. पण तिथे… उजेड बरा होता.

महिन्याने आमच्या मॅडमनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, माझ्या रेघांची बेरीज पाहिली आणि खूश झाल्या.

"शंभरात नव्वद वेळा हात धुतले जातायत! म्हणजे वॉर्डातली माणसं स्वच्छ आहेत. मग जंतू आणतं कोण? या मुलांच्या आया. सोमवारपासून आयांनी दिवसातून एकच तास यायचं."

दुपारपर्यंत बातमी वॉर्डात पोचली. कडेवर मूल घेतलेली एक आई माझ्याजवळ आली. पोराचे डोळे खोल गेले होते.

"चादरीवाल्या बाई, तुमचं वर कोणी ऐकतं का हो? हा माझ्याशिवाय कोणाच्या हातून पाणी पीत नाही. जुलाबात पाणीच पोटात गेलं नाही तर…"

मला तिच्याकडे बघवेना. मी वॉर्डाकडे पाहू लागले. कामावरची एक मावशी दुपटं बदलून हात न धुता तशीच पुढच्या खाटेकडे गेली. एक डॉक्टर पोट तपासून तसाच पुढच्या बाळाकडे. पुन्हा एक तशीच. मग नव्वद आले कुठून?

शेजारी नळ सुरू झाला.

मी त्याच्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या सांध्यांवर लाल भेगा पडल्या होत्या.

"हे काय करून घेतलंय?"

"साबण चांगला आहे ना इथला," तो म्हणाला.

"थट्टा नको. मी चादरी मोजत नाही, मी हात धुणं मोजते. आणि सगळ्यांनी न धुतलेले हात तुम्ही एकट्याने धुऊन ठेवलेत!"

"चादरी मोजत नाही ते माहीत होतं. चादरी मोजणारी बाई एकदा तरी चादरीकडे बघते."

"म्हणजे वॉर्डाचं नाव राखायला हे नाटक?"

"छे हो! मोजताय काय ते कुठे माहीत होतं?" तो पहिल्यांदाच गडबडला. "नळ सुरू झाला की… तुम्ही वर बघता. एकदाच. मग पुन्हा मान खाली. मग मी काय करणार — परत नळ सोडतो."

मला हसावं की त्याच्या डोक्यात साबण हाणावा, कळेना.

"तुमच्या त्या नळापायी आयांना बाहेर काढतायत!"

त्याचा चेहरा उतरला. त्याने नळ घट्ट बंद केला.

"चला."

"कुठे?"

"तुमच्या मॅडमकडे. आकडे कोणी बिघडवले ते सांगायला."

वॉर्डात अखंड बडबडणारा हा माणूस मॅडमसमोर मात्र नुसत्या बाह्या खालीवर करत राहिला. शेवटी त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"मॅडम, ते नव्वद… ते बरेचसे हेच आहेत."

मॅडमनी चष्मा वर केला. "इतके कशाला धुतलेत?"

"यांनी… वर बघावं म्हणून."

मॅडम माझ्याकडे वळल्या.

"आणि तू? जागा बदलायची होती ना दर आठवड्याला?"

"हो, मॅडम."

"मग?"

उजेडाचं कारण जिभेवर तयार होतं. पण कडेवरचं ते पोर डोळ्यांसमोरून हलेना.

"बदलावीशी वाटली नाही," मी म्हणाले.

"अरे देवा!" मॅडमनी कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं साथींवर काम करतेय. आकडे चुकण्याची कारणं पुष्कळ ऐकली, पण हे… हे मी अहवालात लिहू कसं?"

त्यांनी माझ्या बेरजेवर आडवी रेघ मारली.

"मोजणी परत करायची. ही सोडून कोणीही बसा. तोवर आया वॉर्डातच राहतील. आणि तुम्ही, भेगा भरेपर्यंत एकाही बाळाला हात लावायचा नाही. भेगांत जंतू राहतात, एवढं तरी शिकवलं होतं ना?"

नव्या मोजणीत पन्नाससुद्धा आले नाहीत. एवढ्या लांब वॉर्डाला एकच बेसिन; जाणार कोण दर वेळी तिथवर? मग प्रत्येक खाटेला हात स्वच्छ करायच्या औषधाची बाटली टांगली. आयाही तीच वापरू लागल्या. साथ हळूहळू ओसरली. ती आई पोराला घरी घेऊन गेली. जाताना मला म्हणाली, "तुमचं ऐकतात हो वर!"

मला शिक्षा म्हणून बेरजा मिळाल्या. एका दुपारी कॅन्टीनमध्ये बसून मी लांबलचक बेरीज करत होते. चहा गार झाला होता आणि बेरीज दोनदा चुकली होती.

कोणी हाक मारली नाही. काही वाजलं नाही. तरी मी वर पाहिलं.

तो समोर उभा होता. हातांना मलम, त्यावर पांढरे सुती हातमोजे.

"नळ नव्हता हं," तो हळूच म्हणाला.

"कळलं मला. तिसऱ्यांदा चुकली माझी बेरीज!"

"जाऊ मग?"

मी पायाने शेजारचं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बसा आता. उभं राहून किती वेळ बघणार आहात?"