दोन मिनिटं तेवीस सेकंद

"धरा, धरा! दोर सैल सोडू नका, सलीलकाका!"

रीळ किर्रर्र करत सुटली होती. मसीरा बेटाच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली होती आणि गुडघाभर पाण्यात सलीलकाका मागे रेलून उभे होते. हातातली काठी पार वाकली होती. गळाला गांडूळ नव्हतं की कोळंबी नव्हती. होता तो पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला बोटभर खोटा मासा. त्याला 'फ्लाय' म्हणतात. त्याला फसलेला एक भला मोठा ट्रेव्हली मासा पाण्याखाली सैरावैरा धावत होता.

"वीस मिनिटं झाली!" आर्यन नाचत ओरडला. "आधी कोण दमणार? मासा की काका?"

"बाबाच!" मैथिली म्हणाली. "त्यांना जिना चढतानासुद्धा धाप लागते!"

"मी ऐकतोय हं, मैथिली!"

उत्तरा आणि तिचा धाकटा भाऊ आर्यन मस्कतच्या वादी कबीरमध्ये राहत. मैथिली त्यांची चुलत बहीण, सोहारची. नाताळच्या सुट्टीत दोन्ही घरं मसीराच्या या तंबूंच्या कॅम्पवर आली होती. कॅम्पचा ओमानी मालक, म्हणजे सगळ्यांचा अर्बाब, एका नियमाबाबत फार कडक होता. पकडलेला प्रत्येक मासा परत समुद्रात! मुलांना हा नियम भारी आवडला होता. आर्यन तर प्रत्येक माशाला नाव ठेवून टाटा करायचा.

अखेर मासा थकला. कॅम्पवर काम करणाऱ्या रमणनं त्याची शेपटी पकडली. रमण पन्नाशीचा, देवगडकडचा. काकांनी मासा उचलून छातीशी धरला. त्याच्या शेपटीला अर्धचंद्रासारखा एक तुकडा नव्हता. कधीतरी कुणीतरी चावा घेतला असणार.

"ह्याचं नाव शेरू!" आर्यन ओरडला.

बाबांचा कॅमेरा उत्तराच्या गळ्यात होता. "काका, थोडं वर! ऊन तोंडावर येतंय. वळा! नको, तिकडे. अजून एक! बाबा, तुम्हीपण या ना! अजून एकच!"

"बाय, बस झाला," रमण हळूच म्हणाला. "जाव दे तेका आता."

"एकच मिनिट, रमणकाका!"

मग शेरूला पाण्यात सोडलं. तो जरासा कलंडला, सावरला आणि दिसेनासा झाला.

"बाय बाय, शेरू!" तिघंही ओरडली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आर्यननं दोघींना गदागदा हलवलं. "उठा! रमणकाका गोणी घेऊन गेलेत. आणि फावडंपण!"

तिघं टेकाडाआडून बघत राहिली. रमण किनाऱ्यानं वाकून चालत होता. मधूनच काहीतरी उचलून गोणीत टाकत होता. मग त्यानं वाळूत खड्डा खणला, गोणी ओतली, खड्डा बुजवला आणि मागे वळून बघत निघून गेला.

मुलांनी तो खड्डा उकरला. आत तीन मोठे मासे होते. मेलेले!

"ही इज अ पोचर!" मैथिली कुजबुजली. "चोरून जाळं लावत असणार!"

"आणि पुरावा लपवतोय!" आर्यनचे डोळे चमकले.

उत्तरानं खड्ड्यातल्या माशांचे फोटो काढले. तिला आपण केवढे हुशार आहोत असं वाटत होतं! नाश्त्याच्या वेळी सगळे जमल्यावर तिनं उभं राहून अर्बाबला सगळं सांगितलं आणि कॅमेरा त्याच्या हातात दिला.

अर्बाबचा चेहरा उतरला. "रमण, ये सच है? ये मछली तुमने गाड़ा?"

रमणनं एकदा मुलांकडे बघितलं. मग मान खाली घातली. "हां, अर्बाब. गाड़ा."

"किसने मारा?"

रमण पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत राहिला. अर्बाबनं कॅमेरा उत्तराला परत दिला.

"खलास," तो शेवटी म्हणाला. "कल सुबह का फेरी. मस्कत, फिर घर."

"शाब्बास रे, डिटेक्टिव्ह!" काकांनी उत्तराची पाठ थोपटली. बाबाही हसले. फक्त आई हसली नाही.

आईचा नेम प्रवासातही चुकत नसे. तंबूच्या कोपऱ्यात देवांची छोटी डबी, त्यापुढे फूल नाही मिळालं तर तांदळाचे चार दाणे, मग प्राणायाम. घासभर भात मुंग्यांना घातल्याशिवाय ती स्वतः जेवत नसे. इथे मुंग्या दिसेनात म्हणून ती तो भात खेकड्यांना घालत होती.

उत्तरा तिच्याजवळ जाऊन बसली.

"एक विचारू, बाळा?" आई हळू आवाजात म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगण्याआधी त्यांना एकदा विचारलंस का गं?"

उत्तरानं पायांची मांडी घातली. "मी बसू तुझ्याबरोबर प्राणायामाला?" एवढंच ती म्हणाली.

"बस. श्वास घे. आता रोखून धर."

उत्तरानं धरला. जरा वेळानं कान तापले, छातीत धडधडायला लागलं आणि तिनं भस्सकन श्वास सोडला. "पुन्हा करते! आधी बाहेर एक चक्कर पळून येते, मग..."

"छे गं! धावून दमलेल्यानं कधी श्वास रोखू नये. जीव घाबरा होतो."

उत्तरा उठता उठता थांबली. वीस मिनिटं दोर ओढत पळणारा मासा. आणि मग? ओहोटीच्या उन्हात, काकांच्या छातीशी...

ती बाहेर आर्यन आणि मैथिलीकडे धावली आणि तिनं कॅमेरा उघडला. पाण्याबाहेरचा पहिला फोटो सात वाजून बारा मिनिटं, आठ सेकंदांचा. शेवटचा सात वाजून चौदा मिनिटं, एकतीस सेकंदांचा. मग तिनं खड्ड्याचा फोटो मोठा करून पाहिला. मधल्या माशाच्या शेपटीला अर्धचंद्रासारखा तुकडा नव्हता.

"शेरू," आर्यन रडवेला होऊन म्हणाला. "पण तो तर पोहत गेला होता!"

"नंतर मेला असणार," मैथिली पुटपुटली. तिघं एकमेकांकडे बघेनात. मग मैथिलीच हळूच म्हणाली, "उत्तरा, ते फोटो डिलीट कर. कुणाला कळणार आहे?"

उत्तराचं बोट खरंच त्या बटणावर गेलं. तिचं तिलाच ते दिसलं आणि तिचा चेहरा लालबुंद झाला.

"नाही," ती म्हणाली. "चला."

रमण आपल्या खोलीत बॅग भरत होता. नीट घडी घातलेले तीन शर्ट, एक चादर.

"रमणकाका, ते मासे तुम्ही मारले नाहीत. तुम्ही सांगितलं का नाही?"

"पावण्यांका कसा सांगू? तुमी मारलास म्हणान?" तो चादरीकडे बघतच बोलला. "आणि तुमी पोरां माशांका नावां ठेवतास, टाटा करतास. ते मेलेले बघून तुमका वायट वाटला असता. म्हणान उजाडताच पुरून टाकी."

उत्तराला वाटलं, यापेक्षा ते रागावले असते तर बरं झालं असतं.

पण मोठ्या माणसांना पटवायचं कसं? काकांना तिनं 'सोडलेले मासे मरतात का?' असं नुसतं विचारून पाहिलं, तर ते हसले. "अगं, आम्ही सोडतो की! पोहत जातात, डोळ्यांनी बघतो आम्ही!"

तेव्हा तिघांनी मिळून डोकं लढवलं.

दुपारी आर्यननं आरोळी ठोकली. "शर्यत! त्या लाल होडीला हात लावून परत! हरेल त्यानं भांडी घासायची! काका, घाबरलात का?"

"कोण? मी? यल्ला, चला!"

बाबा आणि काका वाळूतून जीव खाऊन पळाले. अर्बाब तंबूबाहेर येऊन हसायला लागला. दोघं धापा टाकत परतले, तशी उत्तरा कॅमेरा घेऊन पुढे झाली.

"आता फोटो! आणि फोटो संपेपर्यंत श्वास रोखायचा. तोंड उघडलं की आउट! मैथिली, घड्याळ!"

दोघांनी गाल फुगवले.

"काका, थोडं वर बघा! ऊन येतंय. वळा! नको, तिकडे. अजून एक! अजून एकच!"

"हाऽऽह!" काका मटकन खाली बसले. "मारतेस का काय, पोरी!"

"अकरा सेकंद," मैथिलीनं सांगितलं. बाबा तर आधीच आउट झाले होते.

उत्तरानं कॅमेरा काकांसमोर धरला. "तुम्ही अकरा सेकंद, काका. शेरू दोन मिनिटं तेवीस सेकंद. आणि ही खड्ड्यातली शेपटी बघा. तीच आहे."

कुणीच हसलं नाही. काकांनी दोन्ही फोटो पुन्हापुन्हा पाहिले आणि मग ते समुद्राकडे तोंड करून बसून राहिले.

"आईला आणि रमणकाकांना बोलव," उत्तरा आर्यनला म्हणाली. सकाळी जितके लोक होते तितके सगळे जमेपर्यंत ती थांबली. मग अर्बाबलाही कळावं म्हणून हिंदीत बोलू लागली, पण 'अंकल, इनकी गलती नहीं' इतकंच झालं आणि पुढचं सगळं मराठीतच आलं.

"मासे आम्ही मारले. 'अजून एक, अजून एक' मी म्हणत होते. रमणकाका बस म्हणाले, ते मी ऐकलं नाही. आणि त्यांना न विचारता सगळ्यांसमोर त्यांना चोर ठरवलं. रमणकाका, माझं चुकलं."

आईनं अर्बाबला हळू आवाजात ते हिंदीतून सांगितलं. अर्बाब रमणसमोर जाऊन उभा राहिला. "तीस साल मेरे पास. मैंने भी नहीं पूछा," तो म्हणाला आणि त्यानं रमणचा हात दोन्ही हातांत धरला. "फेरी कैन्सल. तुम किधर नहीं जाएगा."

"चूक माझीही आहे," काका उठून म्हणाले. "पण उत्तरा, शोधून काढलंस मात्र! शाब्..."

"नको ना, काका!" तिनं कळवळून त्यांना थांबवलं. सकाळची ती थाप अजून पाठीला पोळत होती.

आईनं नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बोलताना आवाज कापत होता," ती म्हणाली, "पण सगळं बोललीस." तेवढं मात्र उत्तरानं घेतलं.

दुसऱ्या सकाळी काकांच्या गळाला पुन्हा मासा लागला. या वेळी जाड दोर लावला होता, म्हणून झुंज लवकर संपली. रमणनं मासा पाण्यातच धरला. आर्यननं नाव ठेवलं नाही. उत्तरानं छातीत श्वास भरून घेतला, रोखला आणि एकदाच बटण दाबलं. रमणनं बोटांनी गळ सोडवला. मासा कलंडला नाही. सरळ सुटला, आणि तेव्हाच उत्तरानं श्वास सोडला.

"फोटो इलो काय गो?" रमणनं विचारलं.

तिनं पाहिलं. सगळं पाणीच पाणी आणि एका कोपऱ्यात पुसटशी शेपटी.

"नाही आला."

"जाव दे," रमण हसला.

त्याच्या पुढच्या पहाटे रमण आणि तिघं मुलं मिळून किनाऱ्यानं चालत गेली. गोणी उत्तराच्या खांद्यावर होती. लाल होडीपर्यंत गेली, तिथून खडकांपर्यंत गेली, प्रत्येक वळणावर वाकून बघितलं. परत आली तेव्हा उत्तरानं गोणी उलटी करून झटकली. तिच्यातून फक्त वाळू पडली.