डिजिटल की काट्याचं?

सोळा सालचा दुष्काळ. पंढरीच्या पिकअपचा टर्बो-पाइप निसटला तो नेमका सिंधुच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानासमोर. वर लातूरचं ऊन, मागं दोन हजार लिटर पाण्याची टाकी, आणि गाडीला पुढं जायला दमच उरला नाही. आयटीआय शिकलेल्या सिंधुनं पाइप बसवला, क्लिप आवळली नि वर ऐकवलं, "बूस्ट मीटर बसवून घ्या. टर्बो किती दाबानं हवा ढकलतो ते दिसंल, पाइप सुटला की लगेच कळंल."

"बसवू की," तो म्हणाला. नजर मात्र मीटरवर नव्हती.

बसवू म्हणता म्हणता पंधरा दिवस गेले बघा. अर्धापूरचा हा गडी पाणी वाटायच्या ठेक्यावर आलेला. खेप टाकली की दुकानात हजर. डिजिटल चांगलं का काट्याचं? सिंधु रोज समजावून सांगायची, तो रोज विसरायचा. ती काय दुधखुळी नव्हती. पण त्याच्या यायच्या वेळेला ती वेणी नीट करायची, हेही तितकंच खरं.

एक दिवस तो आला तो पडेल चेहऱ्यानं. "ठेका संपला. आज गावाकडं निघून राहिलो... मीटर बसवा."

सिंधुच्या मनात आलं, आज गेला की हा पुन्हा कशाला येतोय? "कोणतं बसवू?"

"डिजिटलला किती वेळ लागंल?"

"तासभर. सेन्सर इंजिनापाशी राहतो, आत केबिनमधी नुसती वायर."

"अन् काट्याचं?"

"आख्खी दुपार जाईल. इंजिनापासून आतवर हवेची नळी ओढावी लागते."

"मग काट्याचंच बसवा," तो पटकन म्हणाला.

आता या पोरीनं गप बसावं का नाही? आख्खी दुपार आयती पदरात पडत होती... तिनं पान्हा उचलला, नि परत खाली ठेवला.

"न्हाई. भरल्या टाकीनं चढ चढताना तुमी रस्ता बघणार का काटा? डिजिटल चढावरचा दाब ध्यानात ठेवतं. वर जाऊन थांबा, मग निवांत बघा. तुमच्यासाठी तेच बरं हाय."

तासाभरात काम झालं. आपला हात एवढा चलाख असल्याचा सिंधुला पहिल्यांदाच राग आला.

पंढरीनं किल्ली घेतली, पण पाय निघेना. "मला घालवायची लई घाई होती का तुमाला?"

"घाई कशाची?" ती म्हणाली. "खोटं सांगून थांबवलेला माणूस मला नको होता."

"मग खरं सांगून थांबवा की..."

पोरीनं एकदाचं त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"आवडता तुमी मला. पण थांबू नका. गावाकडं जा, अन् रविवारी आईला घेऊन या... आमच्या वडलांना भेटायला."

"हाव," तो म्हणाला. नि नुसता हसत उभा राहिला.

"अन् टाकी भरून आणा," सिंधु म्हणाली. "बारा दिवस झाले आमच्या नळाला पाणी न्हाई. पावण्यांना चहा कशाचा करू?"