निमआरामच्या पाठीवरची टिकली

सकाळी आठच्या सुमारास अंबादास लोंढे गच्चीवर उभे राहून तळहातावरच्या कासवाच्या पिल्लाला ऊन देत होते. तेवढ्यात खाली स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा छोटा ध्वनिक्षेपक शांतपणे म्हणाला, "पिल्लाचे ठोके अनियमित आहेत. कृपया वैद्यकीय सल्ला घ्यावा."

पोहे परतणाऱ्या शालनताई उलथन्यासकट जिना चढून वर आल्या. "अहो, काय केलंत त्याला?"

"मी काय करणार? ऊन खातंय बिचारं!"

पिल्लू घरात येऊन नऊ दिवस झाले होते. मिरजेच्या एस.टी. स्टँडवर तीस वर्षं गाड्यांच्या घोषणा करून अंबादास निवृत्त झाले, पण त्यांचा आवाज काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. ऐकायला कुणीतरी हवं म्हणून त्यांनी परवानाधारक पैदास केंद्रातून हे लिंबाएवढं पिल्लू आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'निमआराम'. शालनताई त्याला निमू म्हणत.

केंद्रातून येणाऱ्या प्रत्येक पिल्लाच्या पाठीवर एक पातळ चकती चिकटवलेली असे. सरकारी कागदांत तिला 'कवचसंवेदक' म्हणत, बाकी सगळे टिकली. कवचात उमटणारी बारीकशी थरथरसुद्धा ती टिपायची आणि ठोके, तापमान, कवचाचा टणकपणा यांची नोंद घरी आणि डॉक्टरांकडे एकदमच पाठवायची.

त्यामुळे लोंढ्यांच्या घराला नऊ दिवसांत चैन नव्हती. पहिले तीन दिवस निमआरामनं अन्नाला तोंड लावलं नाही. डॉ. रुबिना मुजावर फोनवर हसल्या. "काका, अंड्यातला बलक अजून त्याच्या पोटात आहे. डबा बांधूनच आलाय तो." मग डोळे सुजले, अ जीवनसत्त्वाचे थेंब सुरू झाले. मग कवच मऊ निघालं. म्हणून हे रोजचं कोवळं ऊन. आणि आता ठोके.

"तुमच्या ओरडण्यानंच झालंय," शालनताईंनी निदान केलं.

अंबादासच्या ते मनाला लागलं. त्यांनी बातम्या बघणं सोडलं. दूधवाल्याशी ते खुणांनी बोलू लागले. शालनताईंशी भांडायचं झालं तर न्हाणीघराचं दार लावून, आणि तेही कुजबुजत. दोन दिवस लोंढ्यांचा आवाज न आल्यामुळे शेजारचे पाटील काळजीनं चौकशी करून गेले. पण रोज सकाळी आठ वाजले की ध्वनिक्षेपकाचं तेच पालुपद.

चौथ्या दिवशी दोघं निमआरामला प्लास्टिकच्या डब्यात घालून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पडद्यावर आलेख उघडला आणि त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"काका, इथे दोन हृदयं दिसतायत."

"दोन? आजारी म्हणून एक जादा दिलंय का?"

"हे संथ ठोके कासवाचे. अगदी ठणठणीत. त्यांच्यावर हे दुसरे, भरभर आणि वाकडेतिकडे. फक्त आठ ते साडेआठ." त्यांनी पिल्लू उचलून शालनताईंच्या तळहातावर ठेवलं. पडद्यावर दुसरी रेघ उमटली, सरळ, एका तालात. मग त्यांनी ते अंबादासच्या हातावर ठेवलं. रेघ खड्ड्यांच्या रस्त्यावरून गाडी जावी तशी उड्या मारू लागली.

डॉक्टरांनी त्या रेघेवर बोट ठेवलं.

"टिकली तुमची नाडी ऐकतेय, काका. ठोके ताल सोडतायत. असंच चाललं तर रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन अर्धांगवायू होऊ शकतो."

"मला काही झालेलं नाही," अंबादास म्हणाले. आवाज मूळ पट्टीत आला होता. "जिना चढताना जरा धाप लागते, एवढंच."

"कधीपासून?" शालनताईंनी विचारलं.

अंबादास पिल्लाकडे बघत म्हणाले, "दिवाळीपासून."

शालनताईंनी त्यांचा दंड धरला तो थेट मोठ्या दवाखान्यातच सोडला. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी तपासणी केली, गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "अगदी वेळेवर आलात. पाठवलं कुणी?"

"मुजावर मॅडमनी."

"त्या तर जनावरांच्या डॉक्टर!"

"हो," अंबादास खाली मान घालून म्हणाले. "तपासलं मात्र कासवानं."

महिन्याभरात निमआरामचं कवच टणक झालं, डोळे उघडले, आणि ते पालकाच्या पानावर झडप घालू लागलं. अंबादासचे ठोकेही बरेचसे ताळ्यावर आले, आवाज तर पूर्णच. आता गरज नसलेली टिकली काढायला दोघं पुन्हा डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी चिमट्यानं ती अलगद सोडवली.

शालनताईंची नजर त्या चकतीवरून हलेना. नवऱ्यानं चार महिने लपवलेली गोष्ट तिनं चार दिवसांत चव्हाट्यावर आणली होती.

"डॉक्टर, अशी माणसाला लावायची मिळते का हो? झोपेत पाठीला चिकटवून टाकीन म्हणते."

"अगं, मी इथे बसलोय!" अंबादास गरजले.

"मिळते, काकू," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्याला माणसाची संमती लागते. शरीर ज्याचं, त्यातलं गुपितही त्याचंच."

शालनताईंनी डब्यातल्या पिल्लाकडे पाहिलं. ते मान बाहेर काढून तिघांकडे टकमक बघत होतं.

"मग याची संमती कुणी घेतली होती?"