शैलजाताईंचा दूरध्वनी

मृत्यू पावलेला मनुष्य दूरध्वनी करू शकतो काय? बालमित्रांनो, तुम्ही तात्काळ ‘नाही’ म्हणाल. केतकीनेही तसेच म्हटले असते. परंतु हिरण्यकेशीकाठच्या निळेगावात, भर दुपारी, तिच्या हातातील दूरध्वनी वाजला आणि त्यातून तिच्या आईचा आवाज आला. आईला जाऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता.

ही हकिकत आजची नव्हे, थोड्या पुढच्या काळातील आहे. तेव्हा बसगाड्या चालकावाचून धावत होत्या आणि आजाऱ्यांची सेवा यंत्रमानव करीत होते. केतकीच्या आईच्या अखेरच्या आजारातही असेच एक शुश्रूषायंत्र (आजाऱ्याची सेवा करणारा यंत्रमानव) घरी आले होते. ते प्रत्येक गोष्टीत सल्ला देई, म्हणून आईने त्याचे नाव ‘तात्या’ ठेवले होते. “सांगितल्याबिगर राहवतच न्हाई ह्याला,” असे ती खोकत खोकत म्हणे आणि हसे.

आई, म्हणजे शैलजाताई, निळेगावच्या बसस्थानकावर उद्घोषक होती. उद्घोषक म्हणजे गाड्यांच्या येण्याजाण्याची सूचना देणारी व्यक्ती. तिच्या निरोगी दिवसांतील सूचना ध्वनिमुद्रित (आवाजात साठवून ठेवलेल्या) होत्या आणि स्थानकावर अजूनही त्याच वाजत. शेकडो प्रवासी रोज तिचा आवाज ऐकत. तिचा खोकला मात्र घरच्यांखेरीज कोणीही ऐकला नव्हता.

निळेगावची एक जुनी रीत होती. घरात माणूस गेले की दिवस पुरे होईपर्यंत दाराला कडी लावायची नाही आणि येणाऱ्याला ‘कोण?’ म्हणून विचारायचे नाही. दुःखात सामील होण्यास आलेल्याला उंबऱ्यावर अडवणे तेथे अत्यंत कमीपणाचे मानीत. केतकीच्या बाबांनी ही रीत मनोभावे पाळली. दाराची कडी काढली, आणि त्याच हाताने दूरध्वनीतील ‘रखवालदार’ही बंद केला. रखवालदार ही एक आज्ञावली (संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच) होती. अनोळखी दूरध्वनी आल्यास ती त्याची ओळख आधी तपासून घेई. “सुतकातल्या घरानं माणसांची पारख करायची नसती,” बाबा म्हणाले होते.

त्या दुपारी बाबा नदीवर गेले होते.

“केतकी, मी आई बोलत आहे,” आवाज म्हणाला. “कृपया घाबरू नकोस.”

केतकीने दूरध्वनी दोन्ही हातांनी कानाशी धरला. तो आवाजच होता तसा, स्वच्छ, गोड, आजाराच्या आधीचा. दोन वर्षे ज्या आवाजासाठी ती आसुसली होती, तो तिच्या कानात बोलत होता.

“तू कुठं हैस?” तिने विचारले.

“मला एका संस्थेने जतन करून ठेवले आहे. मी तुझ्याशी रोज बोलू शकेन. त्यासाठी स्मृतिपेटीची किल्ली हवी आहे. सायंकाळपूर्वी मिळाली नाही तर माझा आवाज कायमचा बंद होईल. बाबांना सांगू नकोस. त्यांचा विश्वास बसणार नाही आणि सर्व बिघडेल.”

स्मृतिपेटी म्हणजे बोलणे जतन करणारा, तेव्हा घरोघरी असणारा लहानसा संगणक. त्यात दोन कप्पे होते. वरच्या कप्प्यात आईने केतकीच्या येणाऱ्या प्रत्येक वाढदिवसासाठी एकेक बोलणे भरून ठेवले होते, ती पुरती मोठी होईपर्यंतचे. खालच्यात तिघांची गाणी, भांडणे आणि हसणे होते. वरच्याची किल्ली केतकीकडे, खालच्याची बाबांकडे. किल्ली म्हणजे लोखंडाची नव्हे, एक गुप्त शब्द.

केतकीने तो शब्द सांगून टाकला.

“फार छान,” आवाज म्हणाला. “आता बाबांचा शब्द विचारून ठेव. मी पुन्हा फोन करीन.”

नंतर केतकी स्वयंपाकघरात गेली आणि शेजाऱ्यांनी आणून दिलेली भाकरी तिने पोटभर खाल्ली. कितीतरी दिवसांनी ती जेवत होती. कोपऱ्यात उभा असलेला तात्या पुढे सरकला.

“तुझी नाडी जलद चालली आहे. चेहऱ्यावर आनंद आहे. कारण सांगशील?”

“तुला काय करायच्यात पंचायती?” केतकी म्हणाली. पण एवढा आनंद एकटीच्या पोटात मावेना. तिने त्याला सर्व सांगितले.

तात्या म्हणाला, “तो आवाज तुझ्या आईचा असावा असे मला वाटत नाही.”

“मी आईचा आवाज वळखत न्हाई व्हय?” केतकी ओरडली. “तू डबा! तुला आई हाय का? तुला काय कळणार?”

“मला आई नाही,” तात्या शांतपणे म्हणाला. “म्हणूनच तो आवाज आला हे कळून मला आनंद झाला नाही. तुला झाला. केतकी, फसवणारा आधी आपल्याला काय हवे आहे ते शोधतो. कोणाला बक्षीस हवे असते, कोणाला नोकरी, कोणाला संकटातून सुटका. तुला आई हवी आहे. त्याने तुला तेच आणून दिले.”

“पण आवाज तिचाच हुता!”

“आवाज तिचा असेल. बोलणारी ती नसेल. याला ध्वनिप्रतिकृती (एखाद्याच्या आवाजाची यंत्राने केलेली हुबेहूब नक्कल) म्हणतात. समज, शिंप्याला एखादा जुना सदरा दिला, तर त्यावरून तो तसाच दुसरा शिवतो. तसेच काही यंत्रांना थोडेसे बोलणे ऐकवले की ती त्या आवाजात वाटेल ते वाक्य शिवून देतात. परंतु शिंप्याने जो सदरा पाहिलाच नाही, तो त्याला कसा शिवता येईल? यंत्राने जे ऐकले नाही, ते त्याला ठाऊक नसते. मी सांगतो म्हणून मानू नकोस. पुन्हा फोन आला की कोठेही साठवलेली नाही अशी एखादी गोष्ट तूच विचार.”

“आन् बरोबर सांगितली तर?”

“तरीही किल्ली द्यायची नाही. फोन ठेवायचा आणि आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर आपण स्वतः चौकशी करायची. जो खरा असेल तो तेवढा वेळ थांबतो. घाई खोट्यालाच असते, कारण विचार करायला वेळ मिळाला की त्याचे काम बिघडते. आणि ‘घरी सांगू नकोस’ असे तो म्हणतो, कारण दोघांनी मिळून विचार केला तर एकाला तरी शंका येते.”

दूरध्वनी वाजला. केतकीने तात्याकडे पाहिले.

“आई,” ती म्हणाली, “माझी येणी घालताना तू रिबीन कुठं धरायचीस?”

शैलजाताई रिबीन दातांत धरीत आणि तशाच, बंद तोंडाने, गुणगुणत. हे केतकीच्या मानेला ठाऊक होते, इतर कोणालाही नाही.

“कृपया लक्ष दे,” आवाज म्हणाला. “वेळ थोडा आहे.”

केतकीचे डोळे भरून आले. तिने पुन्हा विचारले, “आई, तुझा खोकला बरा झाला?”

“मला खोकला कधीच नव्हता, बाळ.”

किती गोड आवाज होता तो! केतकीने तो शेवटचे वाक्य संपेपर्यंत ऐकला. मग तिने स्वतःच्या बोटाने दूरध्वनी बंद केला. तिची आई त्या आठवड्यात दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी दार केतकीलाच लावावे लागले.

बाबा नदीवरून आले तेव्हा ती उंबऱ्यावर बसली होती. मार खावा लागेल या भीतीने नव्हे, तर वरच्या कप्प्याच्या आठवणीने तिला हुंदके येत होते. तिने अडखळत सर्व सांगितले. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“रखवालदार मीच बंद केला हुता, केते. तुझ्यावर कशाला रागवू?” ते म्हणाले. “तू सांगितलंस, हे लई झालं. दडवून ठेवलं असतंस तर?”

“आईनं मला बजावलं हुतं, बाबा,” केतकी म्हणाली. “किल्ली देताना म्हणाली हुती, कुणालाबी सांगायची न्हाई. मी मागितली तरी न्हाई. मला वाटलं ती चेष्टा करत्या.”

बाबा तोंड फिरवून भिंतीकडे पाहू लागले.

तात्याने विलंब न लावता सायबर साहाय्य केंद्राला (संगणकावरील गुन्ह्यांचा तपास करणारे कार्यालय) कळवले. तेथील अधिकारी बाईंनी चोरांची वाट अडवली आणि पेटीची किल्ली बदलण्यास सांगितले. चोरांकडे केवळ स्थानकावरच्या सूचना होत्या; त्यांना शैलजाताईंचे आणखी बोलणे हवे होते. बोलणे जितके अधिक, तितकी नक्कल पक्की. मग त्याच आवाजात त्यांनी बेळगावच्या मावशीला आणि आजीला गाठले असते.

“लवकर कळवलंत म्हणून पुढचं वाचलं,” बाई म्हणाल्या. “जे गेलंय ते शोधतोय. पण मिळेलच असं खोटं आश्वासन मी देणार नाही.”

वरचा कप्पा उघडला तेव्हा जवळचे सगळे वाढदिवस रिकामे होते. चोरांनी सुरुवातीपासून उचलत नेले होते. केतकी सज्ञान झाल्यावर ऐकायची तेवढी बोलणी शिल्लक होती.

“आत्ताच ऐकायची का?” बाबांनी हळूच विचारले.

केतकीने बराच वेळ पेटीकडे पाहिले. “नको,” ती म्हणाली. “तिनं ती मोठ्या केतकीसाठी ठेवल्यात. मी व्हते मोठी.”

त्या संध्याकाळी तिने रखवालदार पुन्हा सुरू केला. बाबा चुळबुळले. “अगं, लोक काय म्हणतील? सुतकात...”

“दार उघडंच ऱ्हाऊ दे बाबा,” केतकी म्हणाली. “जो चालत येतो त्याचं तोंड दिसतं आपल्याला. नुसत्या आवाजाला मात्र ‘कोण?’ म्हणून विचारायचं. खरं माणूस असंल तर ते रागवायचं न्हाई.”

दिवस पुरे झाल्यावर तात्याला रुग्णालयात परत जायचे होते. केतकी आणि बाबा त्याला बसस्थानकावर पोहोचवण्यास गेले.

“तात्या, असा आवाज खरा का खोटा ते आधीच कळायला काय करता येईल?” केतकीने वाटेत विचारले.

“प्रत्येक खऱ्या आवाजाला एक मोहोर (नक्कल करता न येणारी खूण) लावता येईल,” तात्या म्हणाला. “त्यावर काम चालू आहे. फार अवघड आहे. त्यात गणित लागते.”

“मग मी गणित करीन.”

“तुला भागाकार येत नाही, असे माझ्या निरीक्षणात आहे.”

“शिकीन की! सांगितल्याबिगर राहवतच न्हाई तुला,” केतकी म्हणाली, आणि हे वाक्य कोणाचे ते आठवून तिने बाबांकडे पाहिले.

गाडी फलाटाला लागली आणि तात्या आत चढला. तोच वरच्या कर्ण्यातून स्वच्छ, गोड आवाज आला, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नेसरीकडे जाणारी गाडी सुटत आहे.”

केतकी दचकली. तिने बाबांचा हात घट्ट धरला. तोच आवाज, तेच ‘कृपया लक्ष’. पण आवाज गाडीचे नाव सांगून थांबला. त्याला कोणती घाई नव्हती, कोणते गुपित नव्हते. तो तिच्याकडून काहीही मागत नव्हता.

पुढच्या गाडीची सूचना ऐकू येईपर्यंत केतकी तेथेच बसून राहिली.