वाकडा बसणारा चष्मा

तिने डोळा मारला. भर सकाळी, दुकानाच्या दारात, आणि तेही सातव्या महिन्याचं पोट सांभाळत!

चष्मेवाल्याच्या हातातली काच पडता पडता वाचली. बाहेर धुळीचा वारा सुटला होता, म्हणून ती आत शिरली होती. तिने पुन्हा डोळा मारला. गल्ल्यावरच्या आत्याने भाच्याकडे असं काही पाहिलं, की बिचाऱ्याचे कान लाल झाले.

"मी डोळा मारत नाहीये हो," ती म्हणाली. शब्द तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून येत होते. "दुसरा मिटतच नाही. अर्ध्या चेहऱ्याची नस लुळी पडलीय. गरोदरपणात होतं म्हणे कुणाकुणाला… वारा लागला की डोळा जळतो. मोठ्या काचांचा चष्मा आहे?"

"आहे ना. आणि… मारला असतात तरी आमची तक्रार नव्हती."

ती हसली. अर्धीच. पण तेवढ्यात याचा पुरता निकाल लागला.

चष्मा बसवताना गिऱ्हाइकाला हसायला सांगायचं, ही त्याच्या धंद्यातली रीत. गाल वर येतात, फ्रेम कुठे टेकते ते कळतं. तिचा एकच गाल वर आला आणि चष्मा कलला. त्याने काडी किंचित वाकवली, स्क्रू पिळला. "दर मंगळवारी येत जा. चेहरा सुधारेल तशी फ्रेम सरळ करू."

ती येत राहिली. बालवर्गाची शिक्षिका, नवऱ्याशी फारकत झालेली, भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी. मुलं तिच्या तोंडाकडे बघून रडायला लागल्यापासून रजेवर होती.

"बाळ यायच्या आत चेहरा सरळ झाला, तर इथेच राहीन, नोकरी करीन. नाही झाला तर दादा नेईल त्याच्या गावी. मग आयुष्यभर वहिनीच्या हाताखाली…"

"सुधारेल हो, बाई."

"तुम्ही काय डॉक्टर?"

"नाही. पण तुमच्या नाकाकानांचा माझ्याइतका अभ्यास कुणी केलाय?"

चौथ्या मंगळवारी ती हसली, तरी चष्मा जवळजवळ सरळ राहिला. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याच्या मनात आलं, चष्मा नीट बसला की ही कशाला येईल? परत देताना त्याने स्क्रू अर्धा फेरा सैल सोडला. दोन दिवसांत काडी ढिली पडली, चष्मा कलला, आणि मंगळवारी ती हजर. पुढच्या मंगळवारी तेच, त्याच्या पुढच्याही. मनातलं सांगायचं सोडून हे असले उद्योग!

"एकाच चष्म्याला किती दुरुस्त्या रे?" आत्या म्हणाली. "विचारून टाक सरळ."

"पुढच्या मंगळवारी, आत्या."

तिचं बोलणं हळूहळू कमी झालं होतं. नववा लागलाय, थकत असेल, असं त्याने धरलं.

मग एका शनिवारीच ती आली. बाहेर गाडीत सामान होतं, दादा वाट बघत होता.

"निघाले. राजीनामा दिला, खोल्याही सोडल्या."

"पण… चेहरा तर सुधारतोय!"

"डॉक्टरही तेच म्हणतात. धीर द्यायला म्हणणारच. घरातला आरसा मी केव्हाच भिंतीकडे वळवून ठेवलाय, बघवत नाही. माझा भरवसा या चष्म्यावर. आणि हा पाच आठवडे कलतोय तो कलतोयच."

त्याने हात पुढे करून चष्मा मागून घेतला.

"तो तुमच्या चेहऱ्यामुळे नाही कलत. मी… मी स्क्रू सैल ठेवत होतो."

"का?"

"तुम्ही परत याव्यात म्हणून. मला तुम्ही हव्या आहात. बाळासकट."

त्याने स्क्रू घट्ट पिळला, चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला, आरसा पुढे धरला. ती हसली. दोन्ही गाल वर आले. डावा जरा मागून, पण आला.

बराच वेळ ती आरशात पाहत राहिली. डोळे भरून आले.

"तुम्हाला मी हवी आहे, हेच ऐकायला मी यायचे हो. चष्मा सरळ असता तरी आले असते," ती म्हणाली. "पण पाच आठवडे मी या तोंडासाठी रडतेय, पोटातल्या बाळाची माफी मागतेय… आणि तुम्हाला ठाऊक होतं."

"चुकलं माझं. थांबा ना…"

"तुम्ही आवडता मला. पण आता तुम्ही 'बरी दिसतेस' म्हणालात, तर मी विश्वास कसा ठेवू?"

दादाने हॉर्न वाजवला. ती गेली. तो दारापर्यंत धावला, पत्ता मागायला तोंड उघडलं, पण कुठल्या तोंडाने मागणार?

आतून आत्या चहाचे तीन कप घेऊन आली.

"अरे, गेली? आता कधी येणार म्हणाली?"

"कशाला येईल, आत्या?" तो म्हणाला. "चष्मा नीट बसतोय आता."