निळ्या कोपऱ्याचं वजन

काटेवाल्याच्या धंद्यात एक सुख असतं. खोटं बोलणारा काटा दोन वजनं ठेवली की पकडला जातो. माणसांच्या बाबतीत अशी सोय नाही. दुकानांचे, दवाखान्यांचे, गोदामांचे काटे दुरुस्त करण्यात आपल्या काटेवाल्याची वीस वर्षं गेली होती. त्यामुळे बॉक्सिंगच्या जुन्या हॉलमधला काटा बिघडल्याचा निरोप आला, तेव्हा दुपारचं जेवण उरकून त्याने वीस-वीस किलोंची दोन वजनं स्कूटरवर ठेवली.

निघताना दहा वर्षांच्या लेकीने नेहमीप्रमाणे त्याच्या कमरेला मिठी मारली. हा त्यांचा रोजचा खेळ. तिने तोंड लाल होईपर्यंत जोर लावायचा आणि ब्याऐंशी किलोंच्या बाबांनी ढिम्म हलायचं नाही.

"संध्याकाळी उचलतेच बघ तुला," ती धापा टाकत म्हणाली.

त्या हॉलकडे जाणं त्याच्या जिवावर आलं होतं, पण घरी तो बोलला नव्हता. बाविसाव्या वर्षापर्यंत तो तिथे साठ किलोंच्या गटात लढला. अंतिम लढतीच्या सकाळी त्याने हॉलच्या काट्यावर उभं राहून वजन दिलं आणि दुपारी डाव्या डोळ्यापुढे अंधारी आली. "एक ठोसा बसला तर डोळा जाईल," असं डॉक्टर म्हणाले. मागच्या दाराने तो जो गेला, तो गेलाच. चार वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, की डोळ्याला कधी काही झालंच नव्हतं. तेव्हापासून आपण शहाणपणाने सुटलो की भिऊन पळालो, याचा निकाल काही त्याच्या मनात लागत नव्हता.

हॉल झाडणाऱ्या मावशींनी दार उघडलं. आत घामाचा आणि चामड्याचा तोच कुबट वास होता. एवढ्या वर्षांत भिंतींना दोनतीनदा रंग लागला असेल, वासाला मात्र कोणी हात लावला नव्हता. काटाही तोच, उभं राहायला लोखंडी फळी आणि समोर मोठ्या सुईची तबकडी असलेला. फळी रिकामी होती. सुई साठावर होती.

"रोज साठच," मावशी म्हणाल्या. "मी झाडते तेवढा वेळ शून्यावर येते."

"झाडताना?"

"मी म्हणते, बाबा, पाय उचल, खालचं झाडू दे…"

"आणि?"

"उचलतो की. समजूतदार आहे बिचारा."

मावशी थट्टा करताहेत असं समजून तो हसला. त्याने फळीवर वीस किलोंचं वजन ठेवलं. ऐंशी. दुसरं ठेवलं. शंभर. काटा चोख मोजत होता. त्याने वजनं उतरवली, झाकण उघडलं, फळीखाली टॉर्च मारला, सुई शून्यावर आणून स्क्रू आवळला. सुई क्षणभर थांबली. मग कोणी एकेक पाय ठेवत चढावं तशी आधी तिसावर गेली आणि मग साठावर. त्याचं डोकंच चालेना.

तबकडीमागे खिळ्याला एक पुठ्ठा लटकत होता. या हॉलची रीत होती: वजन दिलं की खेळाडूचा पुठ्ठा काट्याला लागायचा, तो लढत झाल्यावरच उतरायचा. "वजन दिलेला माणूस रिंगणाचा. घरी जातो तो नुसता पाहुणा," असं कोच म्हणायचे. पिवळ्या पडलेल्या पुठ्ठ्यावर कोचचं अक्षर होतं: निळा कोपरा, साठ. खाली त्याची स्वतःची सही होती.

तो काढायला त्याने हात उचलला.

"लढत झाली का तुमची?" मावशींनी मागून विचारलं.

त्यांना हे कोणी सांगितलं होतं? त्याने हात मागे घेतला. आणि आपण स्वतः चढून बघावं असं त्याला का वाटलं, कोण जाणे. साठ आणि ब्याऐंशी, एकशे बेचाळीस व्हायला हवे होते. तो चढला. सुई ब्याऐंशीवर थांबली. मानेवर कोणी ओला स्पंज पिळावा तसा गार ओघळ पाठीत उतरला. तो घाईघाईने खाली आला आणि सुई साठावर येऊन तिथेच राहिली.

"मावशी, हे… हे चुकतंय. मी उतरलो ना…"

"उतरलात की," मावशी हळूच म्हणाल्या. "जेवढे उतरलात तेवढे."

वजनं तिथेच टाकून तो निघाला. त्याला आता काहीही समजून घ्यायचं नव्हतं. निकाल गेला खड्ड्यात. त्याला घर हवं होतं, लेक हवी होती, स्वतःला सगळ्याच्या सगळं तिच्यापाशी न्यायचं होतं. रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला तो सीटवरून उडत होता. वजनं नाहीत म्हणून, असं त्याने मनाला समजावलं. जिन्याची तिसरी पायरी रोज करकरायची, ती आज वाजली नाही. हे त्याच्या लक्षात आलं ते थेट दारापाशी.

"आज नको, राणी… आज राहू दे…"

पण लेक धावत आलीच होती. तिने कमरेला घट्ट मिठी मारली, डोळे मिटले आणि रोजच्यासारखा जोर लावला.

त्याचे पाय फरशीवरून सुटले.

लेक खदखदून हसली. मग तिचं हसू मधेच थांबलं. तिने डोळे उघडून वर पाहिलं.

"बाबा… तूच उडी मारलीस ना?"

"हो," तो म्हणाला.

तिने अजून त्याला खाली ठेवलं नव्हतं.